बाळंतपणाच्या तयारीत संमोहन, श्वास आणि शिथिलीकरण – खरंच उपयोग होतो का?

मैत्रेयी_के

नमस्कार मंडळी. सातवा लागलाय, पहिलीच खेप. बीपी, शुगर सगळं ठीक आहे, बाळाची वाढही छान आहे. भीती मात्र दिवसागणिक वाढत चाललीये. लहानपणापासून घरात बाळंतपणाच्या ज्या गोष्टी कानावर पडल्या त्या सगळ्या किंकाळ्यांच्या आणि टाक्यांच्या. परवा सोनोग्राफीला नंबर लावून बसले होते, तर शेजारच्या बाईंनी न विचारता त्यांच्या जावेची अख्खी कहाणी सांगितली. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

एका मैत्रिणीने हिप्नोबर्थिंगबद्दल, म्हणजे स्वसंमोहनाने बाळंतपणाची तयारी करण्याबद्दल, सांगितलं. ऑनलाइन वर्ग असतो, ऑडिओ देतात, ते रोज ऐकायचे. फी बरीच आहे. सासूबाई म्हणतात, "आम्ही काय संमोहन करून बाळंत झालो?" नवरा म्हणतो, तुला बरं वाटत असेल तर कर.

मला हे जाणून घ्यायचंय: संमोहनात माझं भान जाणार का? डॉक्टर काही विचारतील ते ऐनवेळी कळेल ना? कळा खरोखर कमी जाणवतात का? आणि एका खोलीत तीन-चार खाटा असलेल्या आपल्याकडच्या लेबर रूममध्ये हे जमतं का? ज्यांनी केलंय त्यांनी लिहाच, पण ज्यांना उपयोग झाला नाही त्यांनीही लिहा.

अनघा_लीड्स

अभिनंदन मैत्रेयी! मी इंग्लंडमध्ये असते, माझी मुलगी इथेच झाली. इथे मिडवाइफच (प्रशिक्षित सुईण) हे शिकवते, त्यामुळे कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

आधी भानाचं सांगते. मला सगळं कळत होतं. कोण खोलीत आलं, कोण गेलं, मिडवाइफने ठोके कधी तपासले, सगळं. फक्त प्रत्येक गोष्टीला दचकत नव्हते. दुखलं का? हो, दुखलं, आणि चांगलंच दुखलं. पण कळ येताना "आता काय होणार" ही जी धडधड असते ना, ती नव्हती.

तयारी साधीच होती. रात्री झोपताना ऑडिओ लावायचे, डाव्या कुशीवर, दोन मांड्यांमध्ये उशी. कपाळ सैल, पापण्या जड, जबडा सैल, असं करत खाली खाली. मग दहापासून एकपर्यंत उलटे आकडे. मग एखादी आवडती जागा डोळ्यांसमोर आणायची. तिथे वर्गात बहुतेक जणी समुद्रकिनारा घ्यायच्या. मी आजोळची मागची पडवी घेतली, रत्नागिरीची: शेणाने सारवलेली जमीन, माडाची सावली, विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर. इंग्रजी ऑडिओतला तो किनारा माझ्या मनात कधी उभाच राहिला नाही, पडवी मात्र लगेच यायची. म्हणून सांगते, ऑडिओ मराठीत असू दे, आणि जमलं तर ओळखीच्या आवाजात.

दुसरी गोष्ट खांद्यावरच्या हाताची. रोजच्या सरावात मी पूर्ण सैल झाले की नवरा माझ्या उजव्या खांद्यावर हात ठेवून तो हळूच खाली सरकवायचा. शरीराला ती खूण पाठ झाली. प्रत्यक्ष कळांच्या वेळी त्याने हात ठेवला की खांदे आपोआप खाली यायचे. सगळ्यात जास्त कामाला आलं ते हेच.

शर्वरी१९

मी दुसरी बाजू लिहिते, कारण मैत्रेयीने ती मागितली आहे.

माझ्या धाकट्या बहिणीने असाच एक महागडा ऑनलाइन वर्ग लावला होता. त्यात जवळजवळ वचनच दिलं होतं: मनापासून सराव केलात तर वेदनारहित आणि नॉर्मल. तिने मनापासून सराव केलाही. शेवटी बाळाचे ठोके कमी झाले आणि सिझर करावं लागलं. बाळ सुखरूप, आई सुखरूप. पण ती महिनोन्‌महिने म्हणत राहिली, "माझंच मन कुठेतरी कमी पडलं." वर्गवाल्यांना मेसेज केला तर उत्तर आलं की सकारात्मकता पुरेशी नसेल. ओली बाळंतीण आणि तिला हे ऐकवायचं! मला आजही त्याचा संताप येतो.

श्वास, शिथिलीकरण याला माझा विरोध नाही. पण जो कोणी निकालाची हमी देतो त्याला एक रुपयाही देऊ नका.

डॉ_ऋजुता_स्त्रीरोग

शर्वरी, तुमच्या बहिणीचं मन कुठेही कमी पडलं नव्हतं. ठोके कमी होतात ते नाळेवर दाब आल्याने, वारेकडून रक्तपुरवठा कमी पडल्याने किंवा अशाच इतर कारणांनी. आईच्या विचारांनी ते ठरत नाहीत. तिला माझ्यातर्फे हे जरूर सांगा.

मी सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करते. मैत्रेयी, तुमच्या "कळा कमी जाणवतात का" या प्रश्नावर बरेच मोठे अभ्यास झालेत. डेन्मार्कमध्ये पहिलटकरणींचा एक अभ्यास झाला, एकूण १२२२ जणी. एका गटाला स्वसंमोहन शिकवलं, दुसऱ्याला साधं शिथिलीकरण, तिसऱ्याला नेहमीचीच सेवा. एपिड्युरल (वेदना कमी करायला पाठीच्या कण्याजवळ देतात ती भूल) घेण्याचं प्रमाण तिन्ही गटांत सुमारे ३० टक्केच राहिलं. इंग्लंडमधल्या ६८० पहिलटकरणींच्या अभ्यासातही (तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला) एपिड्युरलच्या प्रमाणात फरक पडला नाही. पण बाळंतपणानंतर दोन आठवड्यांनी विचारलं तेव्हा स्वसंमोहन शिकलेल्यांची चिंता आणि भीती आधी वाटलं होतं त्यापेक्षा जास्त उतरलेली होती. डेन्मार्कच्या अभ्यासातही त्या गटाने बाळंतपणाचा अनुभव जास्त चांगला सांगितला. कॉक्रेन ही संस्था एकाच विषयावरचे अभ्यास एकत्र करून तपासते; तिच्या २०१६ च्या आढाव्यात ९ अभ्यास आणि २९५४ बायका होत्या. त्यात वेदनाशामकांचा एकूण वापर काहीसा कमी दिसला, एपिड्युरलचा नाही.

मी माझ्या पेशंटना सांगते ते असं: भीती कमी होण्यासाठी करा. दुखणारच नाही या आशेने करू नका.

भीती कमी होणं ही किरकोळ गोष्ट नाही. ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३० च्या दशकातच मांडलं होतं की भीतीने ताण येतो, ताणाने वेदना वाढते आणि वेदनेने पुन्हा भीती. आता त्यामागची संप्रेरकंही आपल्याला माहीत आहेत. कळा येतात त्या ऑक्सिटोसिनमुळे. बाई फार घाबरली की ॲड्रेनालिन वाढतं आणि सुरुवातीच्या टप्प्यात कळा विस्कळीत होऊ शकतात. रात्री घरी छान कळा येत असतात आणि हॉस्पिटलच्या दारात पाऊल टाकलं की थांबतात, हे तर आम्ही नेहमी बघतो. गर्भाशय आपल्या इच्छेने चालत नाही. पण जबडा, खांदे, तळहात, मांड्या आपल्या ताब्यात आहेत, आणि घाबरलेली बाई नेमकं हेच सगळं आवळून धरते. प्रत्येक कळेला अंग आवळलं तर पाच-सहा तासांत ती इतकी थकते की जोर लावायच्या वेळी अंगात त्राण उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वेदनेसाठी काही हवं असलेल्या निरोगी गर्भवतींना शिथिलीकरण सुचवलेलं आहे: स्नायू क्रमाने सैल करणं, श्वास, संगीत वगैरे. तेव्हा हे काही खूळ नाही.

दोन सावधगिऱ्या. पूर्वी कधी गंभीर मानसिक आजार झाला असेल, भास होत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय संमोहन नको. आणि या महिन्यात पाठीवर उताणं झोपून शवासन नको. गर्भाशयाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दबते, चक्कर येते. कुशीवर करा.

बाबुल_मोरा

डॉक्टर, प्राणायाम चालेल का? मी योगवर्गाला जाते, तिथे काही जणी पोटुशा असूनही कपालभाती करतात.

डॉ_ऋजुता_स्त्रीरोग

कपालभाती, भस्त्रिका नको. श्वास कोंडून धरायचाही नाही. भ्रामरी, ओंकार, लांब उच्छ्वास हे उत्तम. भ्रामरीत उच्छ्वास आपोआप लांबतो आणि ओठ मिटलेले असले तरी जबडा सैल राहतो. कळांमध्येही त्याचा फार उपयोग होतो. माझ्याकडे एक शेतकरी कुटुंबातली मुलगी होती, तिला कुणी काही शिकवलं नव्हतं, प्रत्येक कळेला ती खोल आवाजात नुसतं "हूंऽऽ" करायची. शेजारच्या खाटेवरचीही तिचं ऐकून तसंच करू लागली.

मनोमय_पुणे

मी समुपदेशक आहे, संमोहनाचं प्रशिक्षण घेतलेलं आहे. भान जाण्याच्या भीतीबद्दल लिहितो, कारण ती रंगमंचावरच्या प्रयोगांमुळे आलेली आहे. तिथे माणसं कोंबड्यासारखी आरवताना बघितली की वाटतं, कुणी आपला ताबाच घेईल. प्रत्यक्षात संमोहन म्हणजे एका गोष्टीत गढून जाणं, त्यामुळे बाकीच्या गोष्टी मागे पडणं आणि त्या अवस्थेत सूचना मनाला जास्त भिडणं. एसटीत पुस्तक वाचताना आपला थांबा मागे गेला तरी कळत नाही, तसं. आणि कुणी "साप!" म्हणून ओरडलं तर आपण लगेच उठतोच.

वेदनेवर संमोहनाचा वापर होण्याच्या इतिहासात आपल्या देशाचं नाव ठळक आहे. १८४५ मध्ये बंगालात हुगळीला जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश सर्जन होता. तेव्हा भूल नव्हती. त्याने मेस्मेरिझमच्या, म्हणजे संमोहनाच्या जुन्या, पद्धतीने रोग्यांना गुंगीत नेऊन मोठमोठ्या गाठी काढल्या. सरकारने चौकशी समिती नेमली आणि पुढे कलकत्त्यात त्याला त्यासाठी स्वतंत्र इस्पितळ मिळालं. लगेच इथर आलं, १८४७ मध्ये एडिंबरोच्या सिम्पसन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरलं, आणि हे सगळं मागे पडलं. ते मागे पडणं रास्तच होतं, कारण औषध सगळ्यांना लागू पडतं, संमोहन प्रत्येकाला सारखं लागू पडत नाही. काही जण पटकन खोल जातात, काहींना फारसं जमत नाही. यात इच्छाशक्तीचा कमी-जास्तपणा नाही, तो स्वभावातला फरक आहे. शर्वरी यांनी सांगितलेल्या वर्गाने नेमकं हेच लपवलं आणि दोष त्या मुलीवर टाकला.

संमोहन जमत नसेल त्यांना शिथिलीकरण जमतंच. शिकागोच्या एडमंड जेकबसन यांनी शंभर वर्षांपूर्वी बसवलेली पद्धत आजही वापरतो: मूठ घट्ट आवळा, मग सोडा, सोडल्यावर काय वाटतं तिकडे लक्ष द्या. असं पायापासून चेहऱ्यापर्यंत. गर्भारपणात पोट आणि पोटऱ्या आवळू नका, पोटरीत गोळा येतो. आपल्याकडची योगनिद्राही याच वाटेने जाते, ती मराठीतून करणाऱ्यांना सोपी वाटते.

मैत्रेयी, घरच्या घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग. फ्रीजमधला बर्फाचा खडा मुठीत एक मिनिट धरा. पहिल्यांदा दात आवळून, घड्याळाकडे बघत. थोडं थांबून दुसऱ्या हातात, चार अंक मोजत श्वास आत, आठ अंक मोजत बाहेर, खांदे खाली, जीभ टाळूपासून सुटलेली. बर्फ तेवढाच गार असतो. फरक काय पडतो ते स्वतः बघा. कळ साधारण मिनिटभराची असते, म्हणून एक मिनिट.

मैत्रेयी_के

सगळ्यांचे मनापासून आभार. बर्फाचा प्रयोग लगेच केला! पहिल्या खेपेला पुरतं मिनिट धरवलंच नाही. दुसऱ्या खेपेला गार लागत होतं, टोचतही होतं, पण टाकून द्यावंसं वाटलं नाही. नवऱ्यालाही करायला लावलं.

आता लेबर रूमबद्दल कुणी सांगेल का? आमचं उपजिल्हा रुग्णालयात नाव घातलंय. तिथले डॉक्टर चांगले आहेत, पण गर्दी खूप असते.

सुनंदा_सिस्टर

मैत्रेयी, मी सरकारी रुग्णालयात लेबर रूमला बरीच वर्षं काढलीत, म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट, सोबत कुणीतरी असणं हा तुझा हक्क आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांना कळवलंय की बाळंतपणात बाईसोबत एक जण राहू द्यावी. नात्यातली बाई हवी, शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली. जिथे पडदे आहेत, आडोसा आहे तिथे नवऱ्यालाही सोडता येतं. सोबत येणारीने स्वच्छ कपड्यांत यावं, कसला संसर्ग नसावा, शेवटपर्यंत थांबावं, आमच्या कामात मध्ये येऊ नये आणि शेजारच्या बाईच्या खाटेशी जाऊ नये, एवढंच. पुष्कळ ठिकाणी घरच्यांना हे माहीतच नसतं आणि ती बिचारी एकटी पडते. आठव्या महिन्याच्या तपासणीलाच विचारून ठेव.

दुसरं, सोबत कोण आणायची ते नीट ठरव. काही काही आया लेकीच्या आधी स्वतःच रडायला लागतात. मग आम्हाला लेकीला बघायचं का आईला? तुझ्या सासूबाई कशा आहेत? "आम्ही काय संमोहन करून बाळंत झालो" असं ठामपणे म्हणणारी बाई लेबर रूममध्ये फार खंबीर निघते, माझा अनुभव आहे.

तिसरं, हे सगळं आधी आम्हाला सांग. तू डोळे मिटून पडलीस तर ड्युटीवरच्या सिस्टरला वाटेल पेशंट मलूल पडली, आणि ती हलवून उठवेल. आल्या आल्या सांग, "मी श्वासाचा सराव केलाय, कळ आली की डोळे मिटून घेईन, दोन कळांच्या मधे बोलेन." आम्ही कळ संपेपर्यंत थांबतो. तपासायचं असेल तर तेवढ्यापुरतं डोळे उघड. हेडफोन घालशील तर एकाच कानात, दुसरा आमच्यासाठी मोकळा.

आरडाओरडा आला तरी लाज बाळगू नकोस. कुणी ओरडली म्हणून सराव फुकट गेला असं नसतं.

अनघा_लीड्स

सुनंदाताई, तुमच्यासारखी सिस्टर प्रत्येकीला मिळो. कुणी सोबत असण्याबद्दल डॉक्टर मॅडम काही सांगतील का? इथे त्यावर फार भर देतात.

डॉ_ऋजुता_स्त्रीरोग

सोबतीबद्दलचा पुरावा संमोहनापेक्षा कितीतरी भक्कम आहे. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात २६ अभ्यास, १५ हजारांहून जास्त बायका होत्या. ज्यांच्याजवळ कुणीतरी सतत होतं त्यांच्यात नैसर्गिक प्रसूती जास्त, सिझर कमी, कळांचा काळ थोडा कमी, आणि अनुभवाबद्दलची नाराजीही कमी. मैत्रेयी, पैसे आणि वेळ यांतून एकच गोष्ट निवडायची असेल तर वर्गाऐवजी सोबतीणीला तयार करा. तिला तुमच्याबरोबर रोज सरावाला बसवा.

रोहित_ठाणे

पुरुष म्हणून दोन ओळी. आमच्याकडे खाजगी हॉस्पिटल होतं, मला आत सोडलं. माझं काम एवढंच होतं की कळ सुरू झाली की तिच्या कानाशी श्वास मोजायचा आणि संपली की "गेली" म्हणायचं. तिला आकड्यांपेक्षा "गेली" याचाच आधार वाटला असं ती नंतर म्हणाली. मधल्या वेळात कमरेच्या खालच्या भागावर तळहाताने जोरात दाबून धरत होतो, तेही सिस्टरनीच दाखवलं. पुढे सलाइनमधून कळा वाढवायचं औषध सुरू केल्यावर कळा एकदम जोरात आणि लागोपाठ आल्या, मग श्वासाने भागेना. तिने एपिड्युरल मागितलं, ते मिळालं, आणि त्यानंतरही आम्ही श्वास मोजतच राहिलो. बाळ झालं तेव्हा ती शांत होती. एपिड्युरल घेतलं म्हणजे सराव वाया गेला असं आम्हाला अजिबात वाटत नाही.

शर्वरी१९

रोहित, हे वाचून फार बरं वाटलं. बहिणीला हा धागा पाठवते.

मैत्रेयी_के

काल तपासणीला गेले तेव्हा विचारलं. सोबतीला एक बाई चालेल म्हणाले, नवऱ्याला मात्र नाही, कारण पडदे असले तरी खाटा जवळ जवळ आहेत. घरी येऊन सासूबाईंना सुनंदाताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी स्वतःच खोलीत येऊन म्हणाल्या, "दाखव बघू काय श्वास मोजायचा असतो तो." वर्ग लावत नाही. सासूबाईंच्याच आवाजात शिथिलीकरण रेकॉर्ड करून घेणार आहे. त्यांचा आवाज भजनामुळे खणखणीत आहे, आणि त्यांना कुणी घाई करायला लावू शकत नाही.

मनोमय, रेकॉर्डिंगमध्ये काय म्हणायचं ते चार ओळींत द्याल का? आणि डॉक्टर, घरी कळा सुरू झाल्यावर किती वेळ श्वासावर राहायचं आणि कधी निघायचं?

मनोमय_पुणे

चारच ओळी पुरतात, पण त्या संथ आल्या पाहिजेत, प्रत्येक ओळीनंतर दोन श्वासांची जागा सोडून:

"कपाळ सैल सोड. भुवयांमधली आठी विरू दे. दात सुटू देत, जीभ खाली विसावू दे. खांदे गादीवर टेकू देत, तळहात उघडू देत. श्वास बाहेर जाताना अंग जड होतंय. बाळही निवांत आहे. जी कळ येईल ती चढेल आणि उतरेल. उतरली की विसावा आहे."

"दुखणार नाही" असं कुठेही म्हणू नका. त्याने लक्ष उलट दुखण्याकडेच जाऊ शकतं. खोटं आश्वासन तर पहिल्याच कळेला उघडं पडतं. आणि रेकॉर्डिंग गाडी चालवताना ऐकायचं नाही.

डॉ_ऋजुता_स्त्रीरोग

पहिल्या खेपेला साधारण पाच पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर नियमित येत राहिल्या की निघा. तोवर घरी चाला, हलकं खा, पाणी प्या, कोमट पाण्याने अंघोळ करा, श्वास चालू ठेवा. रुग्णालय लांब असेल, रस्ता खराब असेल, पावसाळा असेल तर त्याआधीच निघा. सदतीस आठवडे भरण्याआधी कळा सुरू झाल्या तर घरी थांबायचं नाही.

आणि पुढच्या गोष्टींमध्ये श्वास वगैरे काही नाही, सरळ गाडी काढायची: अंगावरून रक्त जायला लागलं, पाणी गेलं (हिरवट असेल तर एक मिनिटही थांबू नका), बाळाची हालचाल कमी झाली, डोकं असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, ताप आला, किंवा पोट मधे सैल न पडता सारखं दगडासारखं कडक राहिलं.

एक राहिलं. काही वर्गांत शिकवतात की जोर लावायचाच नाही, नुसत्या श्वासाने बाळ खाली येतं. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडल्यावर जोर कधी आणि किती लावायचा ते त्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टर किंवा सिस्टर सांगतील, त्यांचं ऐका. सासूबाईंनाही हे आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे त्या वेळी दोघींचं एकमत असेल.